हजरत अबूजरना माती कोणी दिली?

आई गेली त्यानंतरही मी पाचही वेळच्या नमाजा पढत होतो. पण कामावर आल्यावर मस्टरवर सही करावी तशी ती नमाज होती. सही केली, सुटलो. दुआसाठी हात वर केले की काय मागावं ते सुचायचं नाही. खरं तर एक गोष्ट विचारायची होती, आणि ती अल्लाहलाही विचारायची नव्हती, माझ्या आपालाच विचारायची होती. तेवढीच हिंमत होत नव्हती.

मी तेव्हा सौदीत, हाइल शहराच्या बाहेर, गव्हाच्या एका मोठ्या शेतीवर डिझेल मेकॅनिक होतो. वाळवंटात गहू पिकतो हे आमच्या गावात कुणाला खरं वाटायचं नाही. खोल विहिरींतून पाणी उपसायचं आणि चाकांवर गोल फिरणाऱ्या लांबलचक पाइपांनी ते शिंपायचं, अशी तिथली शेती. पंप बंद पडला की दोन दिवसांत हिरव्याचं पिवळं होणार, म्हणून मी कायम पंपांपाशी. घर दापोली तालुक्यात खाडीकाठी. घरात आई आणि शेजारच्या मोहल्ल्यात दिलेली माझी मोठी बहीण, जिला मी आपा म्हणतो. वडील मी लहान असतानाच वारले. भाऊ नाही. मेहुणे कुवेतला. आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांतला कर्ता माणूस बाहेरच. सणाला नाहीतर लग्नालाच मोहल्ल्यात पुरुष दिसायचे.

मे महिन्यातल्या एका सकाळी आपाचा फोन आला. "बाबू, आई गेली." पहाटे वजूला, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायला उठली, मोरीजवळ बसली ती उठलीच नाही. मी कफीलच्या ऑफिसात धावलो. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा, तो मालक. माणूस वाईट नव्हता, पण तेव्हा तो परदेशात होता आणि आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलपात होते. पासपोर्ट हातात असता तरी मी पोचलो नसतो, कारण आमच्यात मय्यत त्याच दिवशी दफन करतात, थांबवत नाहीत. हे मलाही कळत होतं. दुपारी मी पुन्हा फोन लावला तेव्हा आपा रडत म्हणाली, "बाबू, कबर खणायलासुदीक माणूस नाय रे गावात. खणणारा लग्नाला खेडला गेलाय. काय करू मी?" हजारो मैलांवरून काय बोलणार? फोन ठेवून दिला.

त्यानंतर आठ महिने आम्ही दर शुक्रवारी बोललो. आंब्यांबद्दल बोललो, तिच्या मुलाच्या दहावीबद्दल बोललो. त्या दिवशी पुढे काय झालं ते मी विचारलं नाही आणि तिनंही आपणहून सांगितलं नाही. आईची कबर कोणी खणली, खांदा कोणी दिला, तीन मुठी माती टाकायला कोण होतं, याचं उत्तर ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं. नमाज सुकली ती तिथेच.

आमच्या शेतीवर मेंढ्या राखायला इद्रीसचाचा नावाचा सुदानी म्हातारा होता. काळा, उंच, गालांवर तीन तीन उभे व्रण. गव्हाची कापणी झाली की त्याच्या मेंढ्या त्या गोलांत चरायच्या. सावलीला म्हणून तो माझ्या पंपशेडमध्ये येऊन बसायचा आणि चहा पिताना सहाबांच्या, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या सोबत्यांच्या गोष्टी सांगायचा. त्याचं अरबी खेडवळ, माझं अरबी पान्यापक्कडीपुरतं. त्यामुळे प्रत्येक गोष्ट मला आधी चुकीची कळायची आणि मग प्रश्न विचारून विचारून बरोबर करून घ्यावी लागायची. कदाचित म्हणूनच मला त्या गोष्टींची चटक लागली.

एकदा त्यानं हजरत अबूजर गिफारींची गोष्ट काढली. अबूजर गिफार टोळीचे. ही टोळी काफिल्यांच्या वाटेवर राहायची आणि वाट मारण्यासाठीच तिचं नाव होतं. मक्केत कुणी एक माणूस एका अल्लाहची गोष्ट सांगतोय असं कानावर आलं, तेव्हा अबूजरनी खरं-खोटं पाहायला भावाला पाठवलं. भाऊ परत येऊन म्हणाला, चांगल्या गोष्टी सांगतात. यावर अबूजर जे म्हणाले, ते इद्रीसचाचाच्या तोंडून मला असं ऐकू आलं, "तू मला बरं केलं नाहीस."

"ते आजारी होते?" मी विचारलं.

चाचा हसला. "आजारी होते. न कळण्याचा आजार."

मग ते स्वतःच पाण्याची पखाल घेऊन निघाले. मक्केत कुणाला विचारावं तर जिवाची भीती, म्हणून काबाच्या आवारात नुसते बसून राहिले, तिथल्या जमजम विहिरीच्या पाण्यावर. पैगंबरसाहेबांचे चुलतभाऊ हजरत अलींनी परका माणूस पाहिला आणि घरी नेलं. तीन दिवस नेलं, आणि पहिले दोन दिवस पाहुण्यानं काही सांगितलं नाही की यजमानानं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र अलींनी येण्याचं कारण विचारलं. हे ऐकताना माझ्या हातातला पाना तसाच राहिला. विचारायला तीन दिवस लावणारी माणसं मला एकदम जवळची वाटली. मला सात महिने होत आले होते.

पुढे अनेक दिवस चाचा मला अबूजर थोडे थोडे देत राहिला. ईमान आणल्यावर, म्हणजे इस्लाम स्वीकारल्यावर, त्यांनी ते काबाच्या आवारात मोठ्यानं सांगितलं आणि मार खाल्ला. तबूकच्या मोहिमेत त्यांचा उंट मागे पडला, तर सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन ते एकटेच तापल्या वाळूतून चालत आले. लांबून येणारी ती एकटी आकृती पाहून पैगंबरसाहेब म्हणाले, हा एकटा चालतो, एकटाच मरेल, कयामतीच्या दिवशी एकटाच उठवला जाईल. उतारवयात ते श्रीमंतांना तोंडावर सुनवायचे की साठवू नका, वाटा. शेवटी रबझा नावाच्या उजाड मुक्कामात जाऊन राहिले आणि तिथेच वारले. पहिल्यांदा ऐकताना मला रबझा हे त्यांच्या बायकोचं नाव वाटलं होतं. चाचाला खोकला येईपर्यंत हसू आलं.

"मग त्यांना माती कोणी दिली?" मी विचारलं.

चाचानं काठीनं जमिनीवर एक रेघ काढली. म्हणाला, ही हाजींची वाट. हजचे काफिले येऊन गेले होते, वाट ओस पडली होती. झोपडीत मरणपंथाला लागलेला नवरा आणि जवळ बायको. ती रडायला लागली, कारण कफनापुरतंही कापड घरात नव्हतं आणि दफन करायला माणूस नव्हता. अबूजर म्हणाले, रडू नकोस, वाटेकडे बघ. पैगंबरसाहेबांनी आमच्यातल्या काही जणांना सांगितलं होतं की तुमच्यातला एक जण ओसाड जागी मरेल आणि मोमिनांची एक टोळी त्याच्याजवळ येईल. बाकीचे सगळे वस्तीत, माणसांत वारले. उरलो मी. ती बिचारी टेकाडावर चढायची, वाट बघायची, पुन्हा खाली येऊन नवऱ्याची सेवा करायची. शेवटी लांबवर स्वार दिसले. त्यांच्यातल्या एका अन्सारी, म्हणजे मदिनेच्या, तरुणाजवळ त्याच्या आईनं सूत कातून केलेली वस्त्रं होती. त्याच कापडात अबूजर गेले.

मी मान फिरवली आणि उगाचच पंपाचा फिल्टर काढून पुसायला घेतला.

त्या दिवसापासून मी चाचाचा पिच्छाच पुरवला. ते स्वार किती होते? कुठून आले? त्यांना उशीर झाला असता तर? कबर वाळूत खणली की खडकात? खणायला हत्यार कोणाकडे होतं? एकदा तो वैतागला. "अरे हिंदी माणसा, तू पोलीस आहेस का? कबर कोणी खणली मला ठाऊक नाही. रबझा इथून दक्षिणेला चार-पाच तासांवर आहे. जा, आणि वाटेलाच विचार."

तो रागानं बोलला होता, पण माझ्या डोक्यात ते बसलं. जानेवारीत कफीलनं मला त्याच्या साडूच्या शेतीवर जनरेटर दुरुस्तीला पाठवलं. ती शेती दक्षिणेला, हनाकियाच्या बाजूला. दुसऱ्या इलाख्यात जायचं म्हणून इकाम्याबरोबर, म्हणजे तिथल्या रहिवासाच्या परवान्याबरोबर, शिक्का मारलेलं पत्र दिलं, पिकअप दिली. काम दीड दिवसात झालं. तिसऱ्या दिवशी फजरची, पहाटेची नमाज झाल्यावर मी परतीचा रस्ता सोडला आणि पेट्रोल पंपावर विचारत विचारत रबझाच्या दिशेनं वळलो. तिथे काय मागायचं होतं मला? काहीच नाही. थडग्यापाशी मागणं मांडायला मी निघालो नव्हतो, तसं तिथे कुणी करू देतही नाही. मला फक्त ती वाट बघायची होती, जिच्याकडे ती बाई बघत होती.

डांबरी संपली, खडीचा रस्ता लागला. पोचलो तर काय? तारेचं कुंपण, एक पाटी, आणि आत मातीचे उंचवटे, पडक्या भिंतींच्या रेघा. थोडं बाजूला दगडात बांधलेला जुना गोल तलाव, हाजींच्या पाण्यासाठीचा. माणूस नाही. अबूजर कुठे झोपले आहेत हे सांगणारं काही नाही. वारा इतका गार होता की कान दुखायला लागले. मी कुंपणाला धरून उभा राहिलो, सलाम केला, आणि बराच वेळ चारी बाजूंना बघितलं. कुठून आले असतील? ते टेकाड कोणतं? मनात होतं की इथे पोचल्यावर आतलं काही हलेल. काही हललं नाही. थोडा खजील होऊन मी गाडीत बसलो. पंप सोडून, मालकाला न सांगता, दुसऱ्याचं डिझेल जाळून मी एक कुंपण बघायला आलो होतो.

पंधरा-वीस मिनिटं गेल्यावर वाटेत एक जुनी पिकअप आडवी उभी दिसली आणि एक म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, हात हलवत पुढे आला. साठीचा असेल. गाडी बिघडली असणार, म्हणून मी उतरतानाच टूलबॉक्स हातात घेतला.

त्यानं टूलबॉक्सकडे बघितलं आणि विचारलं, "तू मुसलमान?"

"हो."

"मग ते ठेव. वजू कर. आमच्या घरी मय्यत झालीय, आणि आम्ही दोघेच आहोत."

मी टूलबॉक्स खाली ठेवलाच नाही. त्याला वाटलं, मला अरबी कळलं नाही. त्यानं सावकाश पुन्हा सांगितलं. तो आणि त्याचा मुलगा, दोघेच. भाऊबंद रियाधकडे आणि जेद्द्याकडे, पोचायला संध्याकाळ होणार, आणि मय्यतीला ताटकळत ठेवायचं नाही असं जाणाऱ्यानंच बजावून ठेवलेलं. म्हणून कबर तयार करून तो वाटेवर येऊन उभा राहिला होता, येईल त्याला थांबवायला, निदान एक रांग तरी व्हावी म्हणून. माझ्या मागून पाण्याचा टँकर आला. त्यातला पठाण ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार उतरले. मग मेंढ्यांचा चारा नेणारे दोघे येमेनी आले. सात झालो. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. टँकरच्याच पाण्यानं आम्ही वजू केली.

जनाज्याची नमाज म्हाताऱ्यानं पढवली. या नमाजेत सिजदा, म्हणजे जमिनीला कपाळ टेकणं, नसतं, उभ्याउभ्याच असते, चारदा अल्लाहु अकबर, चार तकबीर, आणि संपली. पण त्या चार तकबिरींत माझा आवाज दोनदा फुटला. खाट उचलताना मी उजवीकडचा पुढचा पाय घेतला. फार हलकी होती. कबरीपाशी पोचल्यावर मुलानं एक चादर काढली आणि तिची दोन टोकं माझ्या हातात देऊन म्हणाला, "कबरीवर धर, आणि तोंड तिकडे कर." तेव्हा मला कळलं की मय्यत बाईमाणसाची आहे. बाईला कबरीत उतरवताना वर पडदा धरतात, आमच्याकडेही धरतात. मी चादर धरली, मान वळवून टेकाडांकडे बघत राहिलो. मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, कबरीच्या आतून, लहान मुलासारखा, "सावकाश रे, सावकाश. आईचा खांदा दुखतो."

चादर वाऱ्यानं फडफडत होती. मी ती सोडली नाही, एवढंच मला माझ्याबद्दल सांगता येईल. नंतर तीन मुठी माती टाकली. पठाणानं टँकरचा पाइप आणून कबरीवर पाणी शिंपडलं. मग तो आणि येमेनी घाईनं निघून गेले. मला म्हाताऱ्यानं जाऊ दिलं नाही. तंबूत नेऊन कॉफी आणि खजूर पुढे ठेवला.

"नाव सांग," तो म्हणाला. मी सांगितलं. त्यानं ते चुकीचं उच्चारलं, मी दुरुस्त केलं, त्यानं पुन्हा चुकीचंच म्हटलं. "वडिलांचं?" तेही सांगितलं. "का विचारता?" मी म्हटलं.

"म्हणजे काय? दुआ कोणाच्या नावानं करू? माझ्या आईची खाट तू उचललीस. मी जिवंत आहे तोवर तुझं नाव घेणार." मग त्यानं विचारलं, "तुझी आई आहे?"

"नाही. आठ महिने झाले. मी इथेच होतो."

"अल्लाह रहम करो. मग तिची खाट कोणी उचलली?"

"माहीत नाही."

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला माझी कीव आली नव्हती, त्याला खरोखर नवल वाटलं होतं. "आठ महिने? आणि तू त्यांच्यासाठी दुआ केली नाहीस? नावंही विचारली नाहीस?"

मी इतके दिवस समजत होतो की तो प्रश्न माझ्या गुन्ह्याचा आहे. ज्यांनी माझं काम केलं त्यांचं माझ्यावर काही राहिलं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईच्या कबरीपाशी कोण नव्हतं याचाच मी आठ महिने विचार केला होता, आणि तो नसलेला माणूस मी स्वतःच होतो. तिथे कोण होतं, इकडे मी बघितलंच नव्हतं.

मोबाइलला रेंज आली तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आपानं उचलला. वार शुक्रवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली. मी एका दमात विचारलं, "आपा, आईची कबर कोणी खणली?"

ती म्हणाली, "तू कधी इचारलंसच नाय. मला वाटलं, तुला ऐकवायचं नाय."

"आता सांग."

मग तिनं सांगितलं. त्या दिवसांत आमच्या रस्त्याला टेलिफोनच्या केबलचा चर खणायचं काम चाललं होतं. बीडकडची माणसं होती, चौघं, मोहल्ल्याच्या कडेला ताडपत्रीखाली राहायची. आई त्यांना रोज हंडाभर पाणी द्यायची, दुपारी सोलकढीही. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपाचं रडणं ऐकून त्यांचा मुकादम लिंबाजी अंगणात आला आणि म्हणाला, "ताई, खणायचंच काम ना? आमचं दुसरं काय काम हाय?" आमच्याकडची जमीन जांभ्याची. नेहमीच्या खणणाऱ्याला अर्धा दिवस लागतो. चौघांनी अंघोळी केल्या, पहारी घेतल्या आणि भर उन्हात दोन तासांत खणली. मशिदीत बांग देणाऱ्या म्हाताऱ्या बांगीसाहेबांनी बाजूला बसून लांबी, खोली, दिशा सांगितली. नमाजेला मोहल्ल्यातले चार म्हातारे आणि मौलवी, एवढेच. कबरस्तानापर्यंत चढण आहे, म्हाताऱ्यांना झेपेना, तर चढणीवर खांदा त्या चौघांनी दिला.

"आणि माती?" मी विचारलं.

"लिंबाजीनं मौलवींना इचारलं, आमी टाकली तर चालंल का? ते म्हणाले, टाका बाबा, तिनं तुम्हाला पाणी दिलंय."

पलीकडे आपा रडत होती आणि अलीकडे मी. रस्त्यावरून मोठमोठे ट्रक जात होते आणि प्रत्येक वेळी पिकअप हलत होती. मी तिला चौघांची नावं विचारली. तिला ठाऊक होती, कारण तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना जेवायला बोलावलं होतं. लिंबाजी, अंकुश, बाबूराव, दगडू. कफीलच्या पत्राच्या मागच्या बाजूला मी ती लिहून घेतली.

हाइलला पोचलो तेव्हा असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची वेळ झाली होती. शेडमध्येच मुसल्ला टाकला. दुआसाठी हात वर केले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला काय मागायचं ते ठाऊक होतं. चार नावं होती. मागून इद्रीसचाचा येऊन बसला. सगळं ऐकून घेतल्यावर तो कितीतरी वेळ दाढी कुरवाळत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी थोर बोलेल. त्यानं विचारलं, "जांभा म्हणजे कसला दगड? काळा का लाल?"

मी सांगितलं, लाल. खणताना मऊ वाटतो, हवा लागली की घट्ट होतो.

मी जे सांगितलं त्याला करामत म्हणा असं मी कुणाला म्हणणार नाही. वाटेवर म्हातारा उभा होता, कारण त्याला माणसं हवी होती. मी तिथून गेलो, कारण मला एक प्रश्न छळत होता. गावात चर चालला होता, कारण केबल टाकायची होती. एवढंच आहे. पण ज्यानं अबूजरना, वाटेकडे बघ, म्हणायला लावलं, त्याच्याकडे माणसांची कमी नसते, एवढं मला पटलं आहे. आपण जिथे पोचू शकत नाही तिथे तो कुणाला तरी पोचवतो, आणि कधी कधी कुणासाठी तरी आपल्यालाच पोचवतो. माझ्या हातात असलेलं मी करावं, हातात नसलेलं त्याच्यावर सोडावं, आणि सोडल्यावर विचारायला मात्र घाबरू नये.

पुढच्या वर्षी रजेवर गेलो तेव्हा बांगीसाहेबांचा हात धरून कबरस्तानात गेलो. आईची कबर त्यांना दाखवावी लागली नाही. आमच्याकडच्या सगळ्या कबरी जराशा वाकड्यातिकड्या, जांभा जसा निघाला तशा. तिची एकच अशी, चारी कडा, चर खणताना दोरी लावून आखतात तशा सरळ. मी खाली बसलो आणि त्या कडेवरून हात फिरवत राहिलो. फार नेकीनं केलेलं काम होतं.